योनिपटल, कौमार्य आणि स्त्रीरोगतज्ज्ञाची जबाबदारी

‘आतून तपासणी केली तर पडदा फाटेल का?’ हा प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मला वारंवार, आणि बहुधा दबक्या आवाजात, विचारला जातो. त्यामागची भीती मी कधीही क्षुल्लक मानत नाही. मात्र ज्या समजुतीवर ती उभी आहे, तिला शरीरशास्त्राचा आधार नाही.

योनिपटल म्हणजे योनिमार्ग बंद करणारा पडदा नव्हे. योनिमुखाच्या कडेने असलेली ती श्लेष्मल त्वचेची घडी असून तिला सहसा जन्मतःच छिद्र असते. म्हणूनच पाळीचे रक्त बाहेर येऊ शकते. कोणाची घडी कड्यासारखी असते, कोणाची चंद्रकोरीसारखी, तर कोणाच्या छिद्रात मधोमध एखादा पट्टा असतो. बालपणी ती पातळ आणि स्पर्शाला अतिशय हळवी असते, तर वयात येताना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे जाड आणि लवचीक होते, त्यामुळे पहिल्या संबंधाच्या वेळी अनेकींना रक्तस्राव होतच नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६ गर्भवती किशोरींपैकी केवळ दोघींच्या बाबतीत संबंधाची निश्चित म्हणता येईल अशी खूण आढळली. गर्भ राहिल्यावरही जे पटल काही सांगत नाही, त्याच्याकडे पाहून एखाद्या स्त्रीविषयी निवाडा करणे मला अन्यायकारक वाटते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये कौमार्य चाचणी बंद करण्याचे आवाहन केले आहे.

योनिपटलाकडे डॉक्टरांनी खरोखर लक्ष द्यावे असा प्रसंग निराळाच आहे. क्वचित एखाद्या मुलीच्या पटलाला छिद्रच नसते. वयात आल्याची इतर लक्षणे दिसूनही पाळी येत नाही, दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात आणि साचलेल्या रक्ताच्या दाबाने कधी लघवीही अडते. त्यावर छोटी शस्त्रक्रिया पुरेशी असते, आणि ‘कौमार्य जाईल’ या धास्तीने ती लांबवणे म्हणजे त्या मुलीच्या वेदना विनाकारण वाढवणे होय.

रुग्णाला एकटीला विश्वासात घेऊन, योनीत लिंगप्रवेश होईल असा संबंध कधी आला आहे का, एवढेच विचारावे. गर्भधारणेची शक्यता किंवा संसर्गाचा धोका ठरवण्यासाठी ‘कुमारिका’ या नोंदीपेक्षा ते उत्तर अधिक उपयोगी असते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीने काम भागत असेल, तर आतून तपासण्याचा आग्रह मी धरत नाही. आतून तपासणी खरोखर आवश्यक असेल, तर लहान आकाराचे स्पेक्युलम (योनिमार्ग आतून पाहण्याचे उपकरण) वापरते, प्रत्येक पायरी आधी समजावून सांगते आणि रुग्णाने ‘थांबा’ म्हटल्याक्षणी थांबते.