प्रादोमधला कुत्रा

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाला आमच्या टूर कंपनीने दीड तास दिला होता आणि त्याच दुपारी जेवणाला दोन. मला याचा राग अजून आहे. लोक बार्सिलोनाची बीच बघायला स्पेनला जातात, मी आणि ताई प्रादोसाठी गेलो होतो. बार्सिलोना चांगलं आहे, गर्दी फार.

गाइडने झपाझप चालवत ‘लास मेनिनास’ या चित्रापुढे नेऊन उभं केलं. वेलाझ्केझने हे १६५६ मध्ये रंगवलं. १७३४ साली नाताळच्या आदल्या रात्री माद्रिदचा राजवाडा पेटला, शेकडो चित्रं जळाली, त्यातून हे वाचवलं गेलं. दालन खच्चून भरलं होतं, तरी बरं वाटलं, कारण प्रादोत फोटो काढायला बंदी आहे. लूव्हरमध्ये मोनालिसापुढे मला वर धरलेले मोबाइलच जास्त दिसले होते. इथे माणसं चित्र बघत होती. ही बंदी जगातल्या प्रत्येक संग्रहालयात हवी.

मग गट दुकानाकडे वळला आणि आम्ही दोघी तळमजल्यावर स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘काळ्या चित्रां’कडे सटकलो.

प्रादोची इमारत खरं तर निसर्गविज्ञानाच्या संग्रहासाठी बांधायला घेतली होती. १८१९च्या नोव्हेंबरमध्ये राजा सातव्या फर्नांदोने तिथे राजघराण्याची चित्रं लोकांसाठी खुली केली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गोयाने मान्सानारेस नदीपलीकडे एक घर विकत घेतलं. वय ७२. आजारपणात ऐकू येणं जाऊन पंचवीसेक वर्षं झालेली. या घराच्या दोन्ही मजल्यांवर त्याने थेट गिलाव्यावर तेलरंगात १४ चित्रं काढली, हीच ती काळी चित्रं. कुणी सांगितली नव्हती, विकायची नव्हती. त्यांना त्याने नावंसुद्धा दिली नाहीत, आज आपण घेतो ती नावं मागाहून लोकांनी ठेवली.

पोटच्या पोराला खाणारा रोमन देव सॅटर्न या दालनातच आहे, सगळे त्याच्यापुढे थांबतात. मी कुत्र्यापुढे थांबले. सव्वा मीटरच्या वर उंची असलेलं चित्र, आणि त्यात फक्त एक डोकं. खाली काळपट तपकिरी उतार, त्याच्या कडेवर कुत्र्याचं मुंडकं, कान मागे पडलेले, नाक वर, डोळे वर. बाकी सगळं वरचं रान मळकट पिवळं, रिकामं. जवळ गेल्यावर त्या पिवळ्यात डाग आणि फिकट-गडद पट्टे दिसतात, वस्तू एकही नाही.

ताई म्हणाली, “अगं, हा बघतोय तरी कुणाकडे?”

मला उत्तर देता येईना, घसा दाटून आला होता. तो बुडतोय असं काही जण म्हणतात, वाट बघतोय असं काही जण. मला तो बुडताना दिसलाच नाही. कुणीतरी आपल्याला हाक मारेल याची त्याला खात्री आहे, असं वाटलं.

बॅरन एर्लांजे नावाच्या बँकरने १८७३ मध्ये गोयाचं ते घर घेतलं आणि प्रादोचाच जीर्णोद्धारक मार्तिनेझ कुबेल्स याच्याकडून भिंतींवरची चित्रं सोडवून कॅनव्हासवर घेतली. त्यात बराच रंग गेला, काही ठिकाणी कुबेल्सने आपल्या हाताने भरला. म्हणजे आपण बघतो त्यातलं गोयाचं नेमकं किती, ही खंत कायम राहते. १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात ती मांडली, गिऱ्हाईक मिळालं नाही, १८८१ मध्ये बॅरनने ती स्पेनला देऊन टाकली. तरी मी त्या बँकरची ऋणी आहे. ते घर १९०९ मध्ये पाडलं. भिंतींवर राहिली असती तर चित्रं मातीत गेली असती.

तेवढ्यात ग्रुपवर मेसेजवर मेसेज. बस उभी आहे, सगळे थांबलेत, या लवकर. जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांची टोलेडोची सहल होती, पैसे आधीच भरलेले. ताईने सकाळीच सांगून टाकलं की आम्ही येत नाही. आम्ही पुन्हा तिकिटं काढून प्रादोत गेलो. संध्याकाळी शेवटचे दोन तास फुकट सोडतात, पण ती रांग मला नको होती. दार उघडताच थेट तळमजला गाठला, दालनात जेमतेम चार माणसं. टोलेडो राहिलं ते राहिलं, त्याची चुटपुट आम्हा दोघींनाही नाही.