नात्याचा रकाना

दवाखान्यातला फॉर्म दोन पानी होता. नाव, वय, रक्तगट, आधीची ऑपरेशनं, सगळं मी भराभर लिहीत गेले. तिला पेनिसिलिन चालत नाही हे तिच्या आईला माहीत नसेल, मला आहे. दुसऱ्या पानावर संमतीपत्र होतं आणि त्याखाली रकाना : ‘रुग्णाशी नाते’. तिथं पेन अडलं. अकरा वर्षं आम्ही दोघी एका घरात राहतोय. मी ‘मैत्रीण’ लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी कागद माझ्याकडे परत सरकवला. “मॅडम, सहीला घरचं कुणीतरी लागेल.”

तिचा भाऊ परगावी. त्याला फोन लागला, त्याने होकार दिला, मग तिला आत नेलं. मधे पाऊण तास गेला. अपेंडिक्स होतं, सगळं सुखरूप पार पडलं. पण पोटाला हात धरून स्ट्रेचरवर आडवी पडलेली ती आणि शेजारी कोरा रकाना घेऊन उभी असलेली मी, हे डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हापासून सरकारने आमच्यासारख्या समलिंगी जोडप्यांसाठी काही केल्याची बातमी आली की मी आधी एवढंच बघते, या रकान्यात काही बदललं का?

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध दंड संहितेच्या कलम 377 मधून, म्हणजे गुन्ह्यातून, वगळले, तेव्हा आम्ही दोघी खूप रडलो होतो. आता आपण गुन्हेगार नाही, एवढं तरी झालं. 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. तो संसदेचा विषय, असं न्यायालय म्हणालं. मात्र कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू, असं केंद्राने तिथं सांगितलं होतं. ती एप्रिल 2024 मध्ये नेमली गेली आणि त्याच वर्षी काही सूचना निघाल्या. रेशन कार्डासाठी जोडीदार एकाच कुटुंबातले धरावेत. बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असंही आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं.

हे शेवटचं वाचून मी मोबाइल पालथा ठेवला. मला हवी आहे ती सही ती जिवंत असतानाची.

तैवानमध्ये 24 मे 2019 ला, समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला त्याच दिवशी, 500 हून जास्त जोडप्यांनी सरकारी कार्यालयात जाऊन लग्नाची नोंद केली. थायलंडचा कायदा 23 जानेवारी 2025 पासून लागू झाला. त्याची मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे त्यांनी विवाहाच्या कायद्यातले ‘पती’, ‘पत्नी’ हे शब्दच बदलून दोघांनाही लागू पडेल असा एक शब्द घातला. वारसा, दत्तक, दवाखान्यातली संमती, सगळं त्या एका शब्दामागून आलं. मला सरकारकडून हेच हवंय. परिपत्रकं निघावीत, जरूर निघावीत, पण परिपत्रक काउंटरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तोवर ते पटवून देणं आमच्याच गळ्यात पडतं.

बँकेत तेच झालं. 28 ऑगस्ट 2024 ची अर्थ मंत्रालयाची सूचना छापून नेली होती. तिथल्या साहेबांना ती ठाऊक नव्हती. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, आत कुणाला तरी दाखवून आले आणि काही न बोलता आमचा अर्ज पुढे ओढला. कॉम्प्युटरवर नॉमिनीशी नातं निवडायची यादी उघडली. आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, इतर.

“काय घालू?”

“जोडीदार.”

यादीत ते नव्हतं. त्यांनी ‘इतर’ निवडलं, मग खालच्या शेऱ्याच्या चौकटीत कर्सर नेला आणि एकेक अक्षर दाबत विचारलं, “जोडीदार. डीला दीर्घ ई ना?”

“हो,” ती म्हणाली. “दीर्घच.”