दोन जागा, तीन नावं

डब्लिनमध्ये मी जुन्या छापील दस्तऐवजांच्या डिजिटायझेशनचं काम करते. स्कॅन केलेल्या पानावरची माहिती तक्त्यात भरायची, पडताळायची, की पुढचं पान. एकदा जुन्या आयरिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाचे सभासद माझ्या वाट्याला आले. सभागृह ३०० जणांचं, त्यात डब्लिन शहराच्या जागा दोन. मला वाटलं, दुपारपर्यंत शहर हातावेगळं होईल.

१७४९पाशी गाडी अडली. जागा दोन आणि नावं तीन: सर सॅम्युएल कुक, जेम्स डिग्ज ला टूश, चार्ल्स बर्टन. ‘जागा सोडण्याचं कारण’ या रकान्यात आमच्याकडे तीनच पर्याय होते: निधन, राजीनामा, सभागृह बरखास्त. ला टूशला यातलं एकही लागू होईना.

शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सभागृहाचं कामकाज उघड. कोणीतरी तक्रार केली असणार."

मग बाकीचा दिवस त्यातच गेला. तेव्हा राजा जिवंत असेपर्यंत तेच पार्लमेंट चालायचं. दुसऱ्या जॉर्जच्या काळात, १७२७ ते १७६०, सार्वत्रिक निवडणूक एकदाच झाली. मतदाराला पुन्हा मत द्यायचं तर आधी कुणीतरी सभासद मरावा लागे! डब्लिनच्या दोन्ही जागा रिकाम्या झाल्या आणि शहर पेटलं. चार्ल्स लुकास नावाचा औषधविक्रेता पत्रकामागून पत्रक काढून महापालिकेतल्या आल्डरमन, म्हणजे वरिष्ठ नगरसेवक, मंडळींच्या मक्तेदारीवर तुटून पडला होता. तो उमेदवारही होता. पण ऑक्टोबर १७४९मध्ये सभागृहाने त्याला देशाचा शत्रू ठरवलं आणि तुरुंग टाळायला तो पळाला. त्याचा साथीदार ला टूश मात्र उभा राहिला, निवडून आला. हरलेल्या बर्टनने सभागृहाकडे अर्ज केला. निवडणुकीच्या तंट्यांचा निवाडा तेव्हा सभागृहच करायचं. ला टूशला काढलं, बर्टनला बसवलं. लुकासशी असलेली जवळीक त्याला भोवली.

लुकासचा पुतळा आज डब्लिनच्या सिटी हॉलमध्ये आहे. मला मात्र त्याचं निखळ कौतुक वाटत नाही. नागरिकांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या या माणसाच्या ‘नागरिकां’त कॅथलिक नव्हतेच. देशात बहुसंख्य असूनही त्यांना मताचा हक्क परत मिळाला तो थेट १७९३मध्ये. चिवट मात्र खरा. परदेशात राहून नेदरलँड्समधल्या लायडनला वैद्यकाची पदवी घेतली, माफी मिळाल्यावर परतला आणि १७६१मध्ये याच शहरातून निवडून आला. त्याच्या ओळीत कारण भरायला अडचण आली नाही: निधन, १७७१.

ला टूशसाठी मी चौथा पर्याय मागितला: ‘सभागृहाने निवड रद्द केली’. संध्याकाळी तो मंजूर झाला. सहकारी हसले. "म्हणजे आता सगळेच मतदारसंघ पुन्हा तपासायचे."

मतदारसंघ १५० होते. माझा एक झाला होता.