वजन बरोबर असताना चरबी मोजायची कशाला?

आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: "उंचीच्या मानाने माझे वजन बरोबर आहे, मग शरीरातली चरबी वेगळी मोजायची कशाला?" तुम्हीही तोच विचारलात, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या मते, ज्याचे वजन 'बरोबर' आहे त्यानेच, आणि त्यातही आपल्याकडच्या माणसाने, ती आवर्जून मोजावी.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्यातले आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीराची मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ होता, परंतु डेक्सा तपासणीत (क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीरातील चरबी, स्नायू आणि हाडे वेगवेगळी मोजणाऱ्या तपासणीत) युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आढळली. त्याआधी याज्ञिक यांच्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली होती. आपली बाळे सरासरी २.७ किलोची आणि तिकडची ३.५ किलोची होती, स्नायूंच्या बाबतीत आपली बाळे बरीच मागे होती, पण पाठीच्या फऱ्याखालच्या त्वचेतील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. सडपातळ दिसणारे आणि तरीही चरबी बाळगणारे शरीर आपल्याकडे जन्मापासूनच घडू लागते, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जातो. पण वरच्या उदाहरणातला २२.३ हा आकडा या कडक मर्यादेतही सुखरूप बसतो.

चरबीइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष मी स्नायूंकडे देते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा भाग स्नायू उचलून घेतात. ते कमी असतील आणि पोटातील अवयवांभोवती व यकृतात चरबी साठलेली असेल, तर मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणूनच एखाद्याने उपासमार करून महिन्याभरात वजन उतरवल्याचे सांगितले की मला आनंदापेक्षा काळजी अधिक वाटते, कारण पुरेशी प्रथिने आणि व्यायाम नसेल तर त्या उतरलेल्या वजनात स्नायूही गेलेले असतात. साठीच्या पुढच्या माणसाचे वजन आपोआप घटले तर घरचे 'बरे झाले' म्हणतात. तिथे खरे तर डॉक्टरांकडे जाऊन कारण शोधायला हवे. अशा वयात हाताच्या पकडीची ताकद मोजणे उपयोगी ठरते: आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषांमध्ये २८ आणि स्त्रियांमध्ये १८ किलोपेक्षा कमी पकड ही स्नायू अशक्त झाल्याची खूण आहे.

आता यंत्रांविषयी. व्यायामशाळेत किंवा घरी असलेला चरबी दाखवणारा काटा चरबी थेट मोजत नाही. तो शरीरातून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडतो, पाणी भरपूर असलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीत त्याला अडथळा होतो, आणि त्या अडथळ्यावरून, वय, उंची व लिंग यांचे सूत्र लावून, अंदाज बांधला जातो. केवळ तळपायांखाली पट्ट्या असतील तर प्रवाह मुख्यतः पायांतूनच फिरतो, म्हणजे ज्या पोटाची आपल्याला चिंता आहे त्याविषयी यंत्र तर्कच करत असते. पाणी कमी प्यायलेले असणे, नुकताच केलेला व्यायाम, जेवण, या सर्वांनी आकडा हलतो. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. एकाच यंत्रावर, सकाळी शौचाहून आल्यावर, उपाशीपोटी, महिन्यातून एकदा मोजावे आणि आकडा कोणत्या दिशेने सरकतो तेवढेच पाहावे. त्यावर दिसणारे 'शरीराचे वय' मी विचारातच घेत नाही. डेक्सा अधिक अचूक आहे, पण प्रत्येकाने त्यावर खर्च करण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

बहुतेकांना मी आधी शिंप्याकडची साधी टेप घ्यायला सांगते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता माप घ्यावे. पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला असेल, तर वजन काहीही असो, पोटावरची चरबी वाढलेली आहे असे समजावे.

ज्यांच्या हृदयात पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी विद्युतप्रवाहाच्या काट्यावर उभे राहू नये, आणि गरोदरपणातही ते टाळावे. ज्यांच्या आईवडिलांना मधुमेह आहे त्यांनी, कमरेचे माप मर्यादेत असले तरी, रक्तातील साखर आणि रक्तदाब डॉक्टरांकडून नियमित तपासून घ्यावा. या दोहोंबद्दल ना टेप काही सांगते, ना काटा.