महाळुंगाची साल आणि नऊ मसाले

शनिवार, १५ नोव्हेंबर

इथे जर्मनीत, न्यूर्नबर्गच्या दुकानांत लेबकुखन, म्हणजे नाताळचे मसालेदार, बिस्किटासारखे गोल केक, सप्टेंबरपासूनच येऊन बसतात. बाहेर ऊन असतं, लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असतात आणि दारातच नाताळच्या डब्यांची चळत. मला ते कधीच रुचलं नाही. या खाऊला थंडी लागते. पाचच्या आत अंधार पडायला लागला, स्वयंपाकघराच्या काचांवर वाफ धरायला लागली, की मग त्या मसाल्यांना अर्थ येतो. आणि घरी करायचे तर नोव्हेंबरचा मध्य गाठायलाच हवा, कारण भाजल्यावर ते डब्यात मुरावे लागतात.

आज सामान आणलं. बदाम, हेझलनट, अंडी, ब्राउन शुगर, संत्र्याची पाकवलेली साल आणि पाकवलेली महाळुंगाची साल. इथे तिला त्सिट्रोनाट म्हणतात. पाकिटात बारीक चौकोनी तुकडे मिळतात, पण ते कोरडे पडलेले असतात आणि सगळ्यांची चव एकच, नुसती गोड. बाजारात एका सुकामेव्याच्या गाड्यावर अर्ध्या फळाची अख्खी वाटी मिळते. ती उजेडात धरली तर हिरवट काचेतून पाहिल्यासारखं पलीकडचं दिसतं. ती घेतली.

महाळुंग लिंबाच्या कुळातलं, पण त्यात रस नावालाच असतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या हातात जे फळ आहे, तेच हे. इटलीत कलाब्रियाच्या किनाऱ्यावर याच्या बागा आहेत. त्याचं सगळं वैभव सालीत आणि सालीखालच्या जाड पांढऱ्या गरात. लिंबाचा तो भाग आपण कडू म्हणून टाकतो, महाळुंगाचा मात्र सौम्य असतो. साल आधी मिठाच्या पाण्यात ठेवतात, मग उकडतात आणि पातळ पाकात सोडतात. पाक पुढे टप्प्याटप्प्याने घट्ट करत न्यायचा. एकदम घट्ट पाकात टाकली तर आतलं पाणी झपाट्याने बाहेर पडतं आणि साल आकसून चामट होते. सावकाश केलं तर पाणी निघत राहतं, साखर आत शिरत राहते आणि फोड फुगीर राहते. मोरावळा घालणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

लेकाने विचारलं, टुटीफ्रुटी का नाही घालत? टुटीफ्रुटी मला आवडते, लहानपणच्या प्रत्येक केकमध्ये ती होती. पण ती कच्च्या पपईची. पपईला स्वतःची चव जवळजवळ नसते, म्हणून ती रंग घेते आणि पाक घेते. इथे बदाम-हेझलनटचं तेल आणि साखर एकत्र आल्यावर जीभ जड होते. ती मोकळी करायला सालीचा तो किंचित कडवटपणाच लागतो. तो काढला तर खाली उरते ती बदामाची बर्फी. चांगलीच लागेल, पण लेबकुखन नव्हे.

रविवार, १६ नोव्हेंबर

शेजारच्या आजी दुपारी आल्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या आहेत, पण बदाम सोलायला माझ्यापेक्षा चपळ. उकळतं पाणी, दोन मिनिटं, मग चिमटीत दाबलं की बदाम सालीतून सटकन बाहेर. हेझलनट भट्टीत भाजून जाड फडक्यात चोळले, सालं निघून गेली. निम्मं बारीक दळलं, निम्मं भरड ठेवलं. आजी सांगत होत्या, युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत बदाम बघायलाही मिळत नसत. त्यांची आई ओट्स भाजून, कुटून घालायची आणि वर एकच बदाम लावायची. त्या बदामाची वाट पाहत त्या कडेकडेने खात जायच्या. अजूनही तशाच खातात, हे मी पाहिलं आहे.

एलिझेन लेबकुखन हा या घराण्यातला सगळ्यांत वरचा प्रकार. नियमच आहे: बदाम, हेझलनट किंवा अक्रोड मिळून निदान २५ टक्के हवेत आणि पीठ १० टक्क्यांच्या वर नको. आम्ही पीठ अजिबात घालत नाही. आमचं प्रमाण असं: ५ अंडी, २५० ग्रॅम साखर, दोन्ही मिळून ४०० ग्रॅम बदाम-हेझलनट, दोन्ही साली शंभर-शंभर ग्रॅम, एका लिंबाची किसलेली साल, चिमूटभर मीठ. आणि मसाला.

मसाल्यासाठी माझ्याकडे दापोलीचं जायफळ आणि जायपत्री आहे, आईच्या परसातली. कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून आणलेलं कलम. जायफळाचं झाड बीपासून वाढवलं तर ते नर आहे की मादी हे फुलेपर्यंत कळत नाही, आणि नुसता नर निघाला तर फळ कसलं? म्हणून कलम. जायपत्री ताजी असते तेव्हा लालभडक, वाळली की पिवळसर नारिंगी. आई ती सावलीत वाळवते आणि बरणीत भरून मला देते.

बाकी दालचिनी, लवंग, वेलची, सुंठ, धणे, ऑलस्पाइस आणि आपल्या बडीशेपेपेक्षा बारीक असलेला अ‍ॅनीस. गोडात धणे म्हटल्यावर आई फोनवर थबकली होती. मग तिलाच आठवलं, “अगं, जन्माष्टमीच्या सुंठवड्यात आपण भाजून घालतोच की!”

दळताना मी वेलची थोडी वाढवायला निघाले तर आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, “खाणाऱ्याला एकाही मसाल्याचं नाव सांगता येता कामा नये. सांगता आलं, तर तो जास्त झाला.”

हे मी आज दिवसभर घोळवते आहे. आपल्या गोडात कोणीतरी एक पुढे असतो. श्रीखंडात वेलची, पुरणात जायफळ, खिरीत केशर. पहिल्या घासाला कळतं, आणि कळावं म्हणूनच घातलेलं असतं. इथे नऊ जण आहेत आणि एकानेही पुढे यायचं नाही. दालचिनी वजनाला सगळ्यांत जास्त, लवंग अगदी बेताची, कारण ती लगेच बोलायला लागते. असं मोजूनमापून मागे ठेवणं मला आपल्या पद्धतीपेक्षा अवघड वाटतं. याला फार सरावलेला हात लागतो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज इथे प्रायश्चित्ताचा आणि प्रार्थनेचा दिवस. बायर्नमध्ये, म्हणजे आमच्या बव्हेरिया राज्यात, शाळांना सुट्टी, कचेऱ्यांना नाही. मी रजा टाकली आणि लेकाला घेऊन जर्मानिशेस नात्सिओनालम्युझियममध्ये गेले, बेहाइमचा पृथ्वीगोल पाहायला. १४९२ साली याच शहरात त्याचं काम सुरू झालं. आज शिल्लक असलेला जगातला हा सगळ्यांत जुना पृथ्वीगोल. त्यावर अमेरिका नाही. मसाले मात्र आहेत: ते बेटांवरून निघून किती हातांमधून फिरत इकडे पोचतात आणि म्हणून किती महाग होतात, हे सविस्तर लिहून ठेवलं आहे.

या शहराकडे बघितलं की लेबकुखन इथेच का रुजला ते समजतं. व्यापारी रस्ते इथे एकमेकांना छेदत होते, व्हेनिसहून मसाला येत होता. आणि मध घरचाच. शहराभोवतीच्या राइशवाल्ड जंगलात झाडांच्या ढोलीत मधमाश्या पाळणारे त्साइडलर होते. सम्राट चौथ्या कार्लने १३५० मध्ये त्यांना खास हक्क दिले आणि बदल्यात त्यांनी सम्राटासाठी धनुर्धारी म्हणून उभं राहायचं. लेबकुखन भाजणाऱ्याची न्यूर्नबर्गमधली पहिली नोंद १३९५ ची, त्यांचा स्वतंत्र संघ १६४३ चा. आणि १९९६ पासून युरोपीय संघाच्या नियमानुसार न्यूर्नबर्गच्या हद्दीत भाजलेल्यालाच न्यूर्नबर्गचा लेबकुखन म्हणता येतं.

इथली आपली मराठी मंडळी डिसेंबरात भेटली की कोणीतरी हमखास म्हणतं, “यात आहे काय, सगळे मसाले आपलेच!” मला हे पटत नाही आणि दरवेळी मी तसं सांगते. जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं, लवंग मोलुक्कासची, कोकणात ती दोन्ही बाहेरूनच आली. अस्सल दालचिनी श्रीलंकेची. ऑलस्पाइस कॅरिबियनमधला. हेझलनट इथला, मध इथला. मग यातलं आपलं काय आणि त्यांचं काय? आईच्या परसातलं जायफळ माझ्या डब्यात आहे याचा मला मनापासून आनंद होतो, पण त्यावरून या पदार्थावर हक्क सांगावा असं वाटत नाही. मसाले पुष्कळ ठिकाणी पोचले. त्यांचं नेमकं हे प्रमाण मात्र या शहरातल्या भट्ट्यांनी शेकडो वर्षं हाताळून ठरवलं, आणि ते शिकायला मी शेजाऱ्यांच्या दारी गेले.

नातं आहे, पण ते दुसऱ्या वळणाचं. १५०५ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाचा जहाजांचा काफिला हिंदुस्थानाकडे निघाला, तेव्हा त्यातल्या तीन जहाजांत जर्मन व्यापाऱ्यांचा पैसा होता. त्यांत न्यूर्नबर्गचे इमहोफ आणि हिर्शफोगेल होते. तो काफिला सप्टेंबरात कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर थांबला आणि तिथे त्यांनी किल्ला बांधायला घेतला. पुढचं गोव्याचं आणि किनाऱ्याचं सगळं आपल्याला माहीतच आहे. त्या पैशांतले काही इथल्या दगडी घरांतून निघाले होते, हे मी लेकाला आज सांगितलं. मसाल्याच्या वासाबरोबर हेही त्याला ठाऊक असावं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग लेबकुखन खायचे ना?” खायचे, म्हटलं. माहीत असून खायचे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

भाजण्याचा दिवस. मिश्रण काल रात्रीच करून ठेवलं. अंडी आणि साखर फेसून, त्यात बाकीचं सगळं. साली मी सुरीनेच बारीक चिरते. यंत्रात घातल्या की त्यांचा लगदा होतो आणि दाताखाली तुकडा येत नाही.

मिश्रण चिकट असतं, पोळीसारखं लाटता येत नाही. म्हणून खाली ओब्लाटन: पीठ, स्टार्च आणि पाण्याची कागदासारखी पातळ, पांढरी चकती, चर्चमध्ये प्रसादाला देतात तशीच. मठांत लेबकुखन भाजले जायचे, तिथे ती हाताशीच होती. सात सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या घेतल्या, प्रत्येकीवर मिश्रणाची टेकडी, मध्ये उंच, कडेला उतरती. मग ओली बोटं फिरवून गुळगुळीत. सोललेले अर्धे बदाम तीन-तीन. भाजण्याआधी काही तास तसेच उघडे ठेवायचे, वरची साय सुकली पाहिजे. मग १६० अंशांवर वीस ते बावीस मिनिटं. आत ओलसर राहायला हवेत. पूर्ण भाजेपर्यंत थांबलं की कडक होतात, म्हणून बोटाने दाबून बघायचं: किंचित दबला आणि परत वर आला की बाहेर काढायचा.

घरभर वास. जिन्यात भेटलेल्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी नुसती मान वर करून हुंगलं आणि हसले.

रविवार, २३ नोव्हेंबर

एक तृतीयांश तसेच ठेवले, एक तृतीयांशावर साखरेचा पातळ लेप, बाकीचे गडद चॉकलेटमध्ये. माझं मत विचाराल तर साखरेचेच. चॉकलेट महाळुंगाला झाकून टाकतं. लेकाचं मत उलटं आहे.

पत्र्याच्या डब्यात थरांमध्ये कागद घालून भरले. एका डब्यात सफरचंदाची फोड, ओलावा टिकावा म्हणून. ती दर दोन दिवसांनी बदलायची, नाहीतर बुरशी धरते.

आई नाताळच्या आठवड्यात येते आहे. ती अंडं खात नाही, त्यामुळे एलिझेन तिच्या उपयोगाचे नाहीत. आजींनी मला दुसरी वाट दाखवली: तपकिरी लेबकुखन, मध आणि पिठाचे, अंड्याशिवाय. आज ते पीठ भिजवलं. मध आणि साखर कोमट करून त्यात गहू आणि राय या धान्यांचं पीठ, बास. हा गोळा थंड जागी झाकून आठवडे राहतो आणि राहावाच, चव त्यातच येते. मसाला, साली आणि फुगवणारे क्षार भाजायच्या दिवशी मळायचे. पॉटॅश थोड्या पाण्यात विरघळवून वेगळं, आणि हिर्शहॉर्नझाल्त्स, आपल्या बेकऱ्यांत ज्याला नुसतं अमोनिया म्हणतात ते, वेगळं. भट्टीतून त्याचा उग्र वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवायची आणि लेबकुखन पातळच लाटायचे, म्हणजे तो वास सगळा उडून जातो.

गोळा तळघरात ठेवला आहे. वीस डिसेंबरला आई पोचेल, एकवीसला भाजू. जायपत्री तिच्याच हाताने कुटून घेईन. प्रमाण मात्र आजींचं.