बाबांचे जुने ओळखपत्र

आज कपाट आवरताना बाबांचे जुने मतदार ओळखपत्र हाती लागले. घर तेच आहे, गल्लीही तीच. मतदारसंघाचे नाव मात्र बदलले आहे. २००१च्या जनगणनेच्या आधारे २००८ साली झालेल्या पुनर्रचनेत महाराष्ट्र विधानसभेच्या जागा २८८च राहिल्या, पण त्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि २००९च्या निवडणुकीपासून मुंबई शहर जिल्ह्याच्या वाट्याला १० जागा, तर उपनगर जिल्ह्याच्या वाट्याला २६ जागा आल्या. वस्ती उपनगरांकडे सरकली, तसे प्रतिनिधित्वही सरकले, हे मला न्याय्यच वाटते. बाबांना ते अजून पटलेले नाही (गिरणगावात जन्म काढलेल्या माणसाला ते पटावे तरी कसे!). आपला आमदार कोण, असे विचारल्यावर त्यांनी आजही जुन्याच आमदाराचे नाव सांगितले, आणि तेही ठामपणे.