लंडनमधील पोशाखाची अलिखित परीक्षा

लंडनमध्ये नोकरीनिमित्त येणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना निमंत्रणावरील ‘स्मार्ट कॅज्युअल’ ही सूचना हमखास गोंधळात पाडते. टाय नको हे समजते, परंतु जीन्स चालेल की नाही हे कोणी स्पष्ट सांगत नाही. आणि जो विचारतो त्याला हे ठाऊक नाही, एवढे मात्र सर्वांच्या ध्यानात येते.

पोशाखावरून माणसाची कुवत जोखण्याची ही सवय निरुपद्रवी नाही. गरीब घरांतील मुलांना वर येण्याची संधी मिळते का, हे पाहणाऱ्या ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशनने २०१६ मध्ये गुंतवणूक बँकांमधील नोकरभरतीवर अहवाल प्रसिद्ध केला, त्यात सुटावर तपकिरी बूट घालणारा उमेदवार काही वरिष्ठांच्या मनातून उतरतो असे आढळले होते. ज्या घरात कधी कोणी सूट घातलाच नाही, तेथील हुशार मुलाला हा नियम सांगणार कोण?

या साऱ्या टापटिपीचा मूळपुरुष मानला जाणारा बो ब्रमेल (१७७८–१८४०) याचा पुतळा जर्मिन स्ट्रीटवर उभा आहे. भरजरी कपड्यांऐवजी गडद रंगाचा, अंगाबरोबर बेतलेला कोट, स्वच्छ पांढरा गळपट्टा आणि रोजची आंघोळ, एवढ्या भांडवलावर त्याने उमरावांना आपल्या मागे यायला लावले. जीभ तर कपड्यांहून धारदार. युवराजाशी बिनसल्यावर त्याच्या देखत ‘हा तुमचा जाडा मित्र कोण?’ असे त्याने एका सरदाराला विचारल्याची कथा प्रसिद्ध आहे. हिशेबात मात्र हा गृहस्थ अगदीच कच्चा होता; जुगार आणि कर्जे यांपायी १८१६ मध्ये त्याला फ्रान्सला पळून जावे लागले आणि तेथील कां शहरातल्या मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. ज्याच्या नीटनेटकेपणाचे धडे अजून गिरवले जातात, त्याला उमेदवार म्हणून कोणत्या बँकेने तिजोरीजवळ उभे केले असते, असा खट्याळ प्रश्न मला त्या पुतळ्याजवळून जाताना पडतो.

आता नियम सैल होत आहेत. गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेने मार्च २०१९ मध्ये पोशाखाचा निर्णय कर्मचाऱ्यांच्या तारतम्यावर सोपवला. ऐकायला हे उदार वाटते. पण तारतम्य म्हणजे नेमके काय, हे पुन्हा जुन्या मंडळींनाच ठाऊक असते. म्हणून येथे मुलाखतीला येणाऱ्यांनी गडद सूट आणि काळे बूट घालावेत, आणि रुजू होण्यापूर्वी मनुष्यबळ विभागाला पोशाखाविषयी ईमेलने सरळ विचारावे. त्याचे येथे कोणालाही वावगे वाटत नाही.